खेळ थांबवताना रडारड? मिनिटं नको, फेऱ्या सांगा

पाळणाघरात खेळ थांबवून मुलांना जेवायला बसवायचं म्हणजे रोजची रडारड. ‘पाच मिनिटांत आवरा’ हे ३ वर्षांच्या मुलाला कळत नाही, फेऱ्या कळतात.

१. जवळ जाऊन, खाली बसून सांगा, “अजून दोनदा घसरगुंडी, मग हात धुवायचे.” दारातून ओरडून उपयोग नाही.
२. फेऱ्या त्याच्याबरोबर मोठ्याने मोजा.
३. संपल्या की लगेच काम द्या: चटई अंथरणं, ताटल्या वाटणं. (चमचे वाटायला भांडणं होतात, तिथे पाळी लावा.)

ठोकळ्यांचा मनोरा अर्धवट असेल तर मोडायला लावू नका, कोपऱ्यात सरकवून ठेवा.

मात्र “जेवायला येतोस का?” असं विचारू नका. “नाही” म्हणाला की पंचाईत.