सेलेनियमला हातभार लावायचाय? आधी बग घरीच पकडा

पॉलिटेक्निक, बीसीए झालेले आमच्याकडचे पोट्टे मला नेहमी विचारतात, "ताई, ओपन सोर्समध्ये घुसायचं कसं?" राळेगाव तालुक्यातल्या गावात बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं टेस्टिंग करते, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. सेलेनियमपासून, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणाऱ्या खुल्या कोडच्या साधनापासून, सुरुवात करा, आणि कोड लिहायच्या आधी बग पकडून दाखवायला शिका. कोड लिहिणारे खूप भेटतात. "कधीकधी फेल होते" याचं "दरवेळी फेल होते, हे बघा" करून देणारे कमी.

साधा लॅपटॉप पुरतो. पायथन टाका, मग पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) सेलेनियम. पूर्वी क्रोमच्या आवृत्तीला जुळणारा ड्रायव्हर (ब्राउझरला हुकूम पोचवणारा प्रोग्राम) हुडकत बसावं लागायचं. सेलेनियम 4.6 पासून सेलेनियम मॅनेजर सोबतच येतो आणि ड्रायव्हर तोच आणतो. पहिल्या वेळी नेट लागतं, पुढे ड्रायव्हर मशीनवरच्या कॅशेत राहतो. म्हणून पहिला रन सकाळी लवकर करा, टॉवरवर गर्दी व्हायच्या आत. सेलेनियमचा अख्खा सोर्स कोड इतक्यात उतरवू नका. उतरवायचाच झाला तर क्लोन करताना (गिटने कोड उतरवताना) डेप्थ 1 द्या, म्हणजे फक्त ताजी प्रत येते, नाहीतर वर्षानुवर्षांचा इतिहास ओढण्यातच दिवसाचा डेटा उडतो.

आता हे बनवतं कोण, ते समजून घ्या, कारण तक्रार कुठे न्यायची ते त्यावर ठरतं. 2004 मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्सने सेलेनियम सुरू केलं. ब्राउझरला थेट हुकूम देणारं सायमन स्टुअर्टचं वेबड्रायव्हर वेगळं होतं, पुढे दोन्ही एक झाले. 2018 मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं. त्यामुळे आज क्रोमचा ड्रायव्हर क्रोमियमवाले बनवतात, फायरफॉक्सचा मोझिला, सफारीचा अ‍ॅपल. सेलेनियमच्या दारात येणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात या शेजाऱ्यांच्या असतात.

माझा मावसभाऊ कापसाचे भाव दाखवणारं एक छोटं पान बनवून राहिला होता. एक दिवस आला.

"ताई, थे सेलेनियम चालूनच नाई राह्यलं."

"काय चालून नाई राह्यलं? कोणत्या ओळीवर?"

"कधी पास होते, कधी फेल. माह्या दोस्ताकडे नागपूरले बराबर चालते."

नागपूरला चालतं आणि इथे नाही, हे ऐकलं की मला तर आनंदच होतो. आपलं रखडणारं नेट हे टेस्टरचं भांडवल आहे बाप्पा! तिकडे डोळ्याची पापणी लवायच्या आत येणारं उत्तर इथे चार सेकंद लावतं, आणि तेवढ्या फटीत टायमिंगची चूक उघडी पडते. त्याच्या टेस्टने टेबलातली भावाची ओळ शोधून ठेवली होती. तेवढ्यात सर्व्हरवरून ताजे भाव आले, पानाने टेबल पुसून नव्याने काढलं, आणि हातातली ओळ जुनी झाली. क्लिक करायला गेला तर 'स्टेल एलिमेंट रेफरन्स' ही एरर. ओळ शोधायच्या आधी त्याने पाच सेकंदांचा स्लीप, म्हणजे ठरलेला थांबा, टाकून ठेवला होता. नेट चांगलं असलं की तो स्लीप फुकट वेळ खातो, आणि नेट आणखी रखडलं की पुरत नाही.

मी त्याला टेस्ट बाजूला ठेवायला लावली. एक एचटीएमएल फाइल उघड, त्यात दोन ओळींचं टेबल ठेव, आणि जावास्क्रिप्टच्या सेटटाइमआउटने तीन सेकंदांनी ते टेबल पुसून तसंच पुन्हा काढ. सीएसएस नको, लॉगिन नको, सर्व्हरही नको. वेचलेल्या कापसातून काडीकचरा काढतो तसं एकेक काढत जायचं, आणि दर वेळी चालवून बघायचं की बग अजून आहे ना. शेवटी वीसेक ओळींचं पान उरलं. ओळ शोधायची, चार सेकंद थांबायचं, क्लिक करायचं. नेट बंद ठेवूनही दर वेळी फेल! (इथे स्लीप चालतो, कारण बग मुद्दाम घडवायचाय.)

मग दोन अदलाबदली करायच्या. तेच पान फायरफॉक्सवर चालवा. फक्त क्रोमवर बिघडलं तर बोट क्रोम किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे. मग तोच कोड जावात किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहून बघा. फक्त पायथनमध्ये बिघडलं तर सेलेनियमच्या पायथनच्या भागात शोधायचं. आमच्या प्रकरणात सगळीकडे सारखंच फेल, आणि मानकाप्रमाणे ते बरोबरच होतं. दोष टेस्टचा. वेबड्रायव्हरवेट (अट पुरी होईपर्यंत थांबणारी सोय) लावून भाव आल्यावर ओळ नव्याने शोधली, काम झालं. पायथनमध्ये तो दर अर्ध्या सेकंदाला बघतो आणि अट पुरी झाली की लगेच पुढे जातो. इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला लागू होणारा सरसकट थांबा) त्यात मिसळू नका, किती वेळ थांबेल याचा मग भरवसा राहत नाही.

तक्रार गेलीच नाही, पण पोट्ट्याच्या हाती कसब आलं. आता गिटहबवर, जिथे सेलेनियमचा कोड असतो, त्याच्या उघड्या तक्रारी वाचायच्या, जिथे बग घडवून दाखवणारा कोड नाही ती निवडायची, आणि आपल्या मशीनवर तो बग घडवून बघायचा. घडला तर छोटं पान आणि कोड तिथे टाका. सोबत ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर, ड्रायव्हर आणि सेलेनियम यांच्या आवृत्त्या लिहा. नाही घडला तर तेही याच तपशिलांसह लिहा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, कोड बोलतो. "मलाही हाच त्रास आहे" एवढंच लिहून कोणाचं काही होत नाही.

डिबग लॉग (रनची तपशीलवार नोंद) जोडताना तो आधी स्वतः वाचा. टेस्टने टाइप केलेला मजकूर त्यात उतरलेला असू शकतो: पासवर्ड, मोबाईल नंबर, एखाद्याचा आधार क्रमांक. कंपनीच्या साइटचा पत्ताही देऊ नका, आपलं छोटं पान त्यासाठीच बनवलंय. आणि सातबाऱ्याच्या किंवा दुसऱ्या सरकारी साइटवर स्क्रिप्ट सोडून सराव करायचा नाही. कॅप्चा स्क्रिप्टने सोडवायच्या नादी लागू नका, असं सेलेनियमचे दस्तऐवजही सांगतात.

त्या दस्तऐवजांतही काम पडलेलं आहे. काही ठिकाणी जावाचं उदाहरण असतं, रूबीचं किंवा जावास्क्रिप्टचं नसतं. पहिला पुल रिक्वेस्ट (आपला बदल घ्या अशी विनंती) तिथे टाकणं सोपं जातं.

उत्तर येईपर्यंत धीर धरा, सांभाळणारी माणसं वेगवेगळ्या देशांत आहेत. जास्तीची माहिती मागितली तर मात्र द्या, नाहीतर तक्रार बंद होते. बंद झालेल्या तक्रारीला काही काळाने कुलूप लागतं. तोच बग पुन्हा दिसला तर नवी तक्रार उघडून त्यात जुनीचा क्रमांक लिहा.