उन्हाळ्यात कोंबड्यांसाठी गार पाण्याचं गाडगं

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की प्लास्टिकच्या भांड्यातलं पाणी दुपारपर्यंत तापतं. कोंबड्या ते पीत नाहीत, मग उष्माघातानं दगावतात. त्यावर मातीचं गाडगं उत्तम.

1. 4-5 लिटरचं गाडगं रात्रभर पाण्यात भिजवा. काठापासून 1 इंचावर खिळा हातानं फिरवत छिद्र पाडा. ठोकलं तर तडकतं.
2. पाण्यानं भरा, 2 इंच खोल परळ (मातीची पसरट थाळी) वर झाका, दोन्ही घट्ट धरून उलटवा.
3. कडुनिंबाखाली ठेवा.

परळात छिद्राच्या उंचीएवढंच पाणी उभं राहतं, कोंबड्या पितील तसं भरत जातं. परळ भरून वाहू लागली तर गाडग्याला चीर आहे, बदला.

पिल्लं असतील तर परळात गोटे टाकाच, नाहीतर बुडतात.