अण्णांच्या ताटात मासा वाढण्याआधी

घरात किडनीचा त्रास असलेलं माणूस असेल, तर बाजाराची पिशवी उचलण्याआधी त्यांच्या रक्ततपासणीचा ताजा कागद काढा. कमजोर किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही ते पोटॅशियम, फॉस्फरस किती ते बघा आणि दिवसाला किती प्रथिनं चालतील, हा आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. किडनीचा त्रास आहे पण डायलिसिस नाही, अशांना बहुधा वजनाच्या दर किलोला ०.६ ते ०.८ ग्रॅम सांगतात. डायलिसिसवर उलट १ ते १.२ ग्रॅम लागतात. त्यामुळे शेजारच्या काकांचं पथ्य आपल्या घरी लावू नका. आमचे अण्णा ६० किलोचे, त्यांना दिवसाला ४८ ग्रॅम. काटे काढलेल्या ७५ ग्रॅम कच्च्या तुकड्यातच तेराएक ग्रॅम जातात, म्हणून स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा हवाच.

सोलापुरात उजनी धरणाची मासळी मिळते. रोहू, कटला, चिलापी. मोठा मासा घ्या, काटे वेगळे काढता येतात. काट्यासकट खायची बारीक मासळी नको, हाडांत फॉस्फरस असतो. सुकट आणि सुके बोंबील मिठामुळे बादच. उन्हाळ्यात बर्फाचा डबा सोबत न्या.

मासा साफ करून घेताना मात्र तिथून हलू नका. पित्ताची पिशवी न फुटता काढायला सांगा आणि ती फेकली जाईपर्यंत बघा. साखर उतरते, सांधे मोकळे होतात म्हणून रोहूचं पित्त गिळणारी माणसं आजही आहेत. त्या पित्तातल्या विषाने चांगली किडनीसुद्धा चार दिवसांत बंद पडू शकते, आणि शिजवल्याने ते विष जात नाही. घरात कोणी हा सल्ला देत असेल तर, वडीलधारं असलं तरी, स्पष्ट नाही म्हणा.

घरी आल्यावर तुकडे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्या. थोडं पोटॅशियम-फॉस्फरस त्यात निघून जातं. मीठ दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, तोही सगळ्या जेवणांचा मिळून. काळं तिखट घरचं, बिनमिठाचं; विकतच्या फिश मसाल्यात आणि आलं-लसूण पेस्टमध्ये मीठ असतंच. ‘कमी सोडियमचं’ मीठ तर आणूच नका, त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. चिंचेऐवजी लिंबाचे चार थेंब. सगळ्यात जड जातं ते रश्श्यातला शेंगदाण्याचा कूट आणि ताटातली शेंगाचटणी सोडणं. सोलापूरच्या माणसाला हे सांगताना जीभ अडखळते, पण पोटॅशियम-फॉस्फरस वाढलेलं असेल तर त्या दिवशी दोन्ही बाजूलाच ठेवा. कांदा-लसणाची फोडणी खमंग द्या, रस्सा पातळ होतो पण वास भरपूर येतो.

त्याच जेवणात डाळ, अंडं, दही नको. पाण्यावर बंधन असेल तर रस्साही वाटीने मोजा. फॉस्फरस कमी ठेवणारी गोळी दिलेली असेल तर ती ताटाशेजारी ठेवा, कारण ती जेवणाबरोबरच घ्यायची असते. आणि मासा केलेल्या तारखा कॅलेंडरवर लिहा. पुढच्या तपासणीला तो कागद सोबत न्यायचा आहे.