नातेवाईकांनी आणलेलं खेळणं बाळासाठी सेफ वाटत नसेल तर काय करायचं

माझी मुलगी १४ महिन्यांची होती तेव्हा तिच्या आत्याने एक गाणी म्हणणारा ससा आणला. पोट दाबलं की लाइट लागायचे, ही खुदकन हसायची, आत्या पण खूश. रात्री सगळे गेल्यावर मी सहज ससा उलटा करून बघितला तर पाठीवरचं सेलचं झाकण नुसत्या नखाने उघडलं, स्क्रू नाही काही नाही, आणि आत तीन बटण सेल. ससा कपाटावर ठेवला पण झोप काही लागेना, कारण उद्या आत्याला सांगायचं काय? त्यानंतर अशा बऱ्याच भेटी आल्या आणि हळूहळू आमची एक पद्धत बसली, ती सांगते.

भेट हातात आली की त्याच क्षणी त्यातली खोट काढू नका. चार माणसांत "हे नको होतं आणायला" म्हटलं की समोरच्याला वाटतं आपली मायाच नाकारली, मग पुढे तुम्ही कितीही बरोबर असा, ऐकलं जात नाही. घ्या, मनापासून थँक्यू म्हणा. फक्त बाळाच्या हातात लगेच देऊ नका, "जरा पुसून घेते, मग देते" एवढं पुरतं. आधीच हातात गेलं असेल आणि धोका दिसत असेल तर मात्र भीड ठेवायची नाही, दुसरं काहीतरी हातात द्यायचं आणि ते काढून घ्यायचं. बॉक्स फेकू नका, वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं आणि बदलून घ्यायचं झालं तर तो लागतो. ०-३ लिहून त्यावर काट मारलेलं गोल चिन्ह असेल तर ते ३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, आणि "आमचं बाळ हुशार आहे" म्हणून ते चिन्ह सोडून देऊ नका, ते हुशारीचं नाही, वस्तू तोंडात घालायच्या वयाचं आहे.

मग निवांत तपासा. सगळ्यात आधी सेल. बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यामुळे त्यातून करंट वाहायला लागतो आणि आतली त्वचा अक्षरशः भाजते, २ तासांत गंभीर इजा होऊ शकते. सगळ्यात वाईट ते २० मिलिमीटरचे चपटे लिथियम सेल, सीआर २०३२ म्हणतात ते (२० म्हणजे रुंदी, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी), कारण ते लहान मुलाच्या गळ्याखाली बरोबर अडकतात. वापरून संपलेला सेलसुद्धा धोक्याचाच, त्यात खेळणं चालवायला पुरेल एवढा दम नसला तरी भाजायला पुरेल एवढा असतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, लक्षणं दिसायची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि तिथे सेलची शंका आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. खेळण्याशिवाय म्युझिकल ग्रीटिंग कार्ड, लाइटचे बूट, छोटे रिमोट यांच्यात पण हेच सेल असतात, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दुसरं म्हणजे चुंबक. ते छोटे जोरदार गोळे किंवा ज्यातून चुंबक सुटू शकतात असे ब्लॉक. दोन गिळले तर आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून एकमेकांना ओढतात, मधली आतडी चिमटली जाते आणि भोक पडू शकतं. आणि ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी, ते पोटात गेल्यावर पण फुगतात आणि आतडं बंद करतात, वर एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत.

छोट्या भागांसाठी कंपन्या ज्या नळीत घालून टेस्ट करतात ती ३१.७ मिलिमीटर रुंद असते. घरी टिश्यूच्या रोलची रिकामी नळी घ्या, ती जराशी मोठी आहे पण ते आपल्या फायद्याचंच. जे त्यातून आरपार जातं ते ३ वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं, शिवलेली बटणं जोर लावून ओढून बघा, लाजू नका, बाळ तर दातांनी ओढणार आहे. लांब दोऱ्या, रिबिनी बघा. फुगे पण, विशेषतः फुटलेल्या फुग्याचे तुकडे.

आता वस्तूंचं करायचं काय. काही सुधारता येतात: रिबीन कापली, सेल काढून ठेवले, झालं. काही फक्त लवकर आलेल्या असतात, त्यांचा एक बंद खोका करा, वर कुणी दिलं आणि कितव्या वर्षी काढायचं ते लिहा. मऊ मोठं अस्वल, उशी वगैरे पहिलं वर्ष झोपायच्या जागी अजिबात नाही, खेळताना तुमच्या समोर चालेल. आणि काहींना "नंतर" नसतंच. सुटे चुंबक, ते फुगणारे मणी, दात येताना गळ्यात घालायची मण्यांची माळ (ती गळ्याला आवळते, तुटली तर मणी घशात) आणि वॉकर. वॉकरवरून घरात सगळ्यात जास्त वाद होतात कारण आजीआजोबांना वाटतं मूल त्याने लवकर चालतं. तसं होत नाही, आणि त्यात मूल सेकंदाला जवळजवळ १ मीटर जातं, म्हणजे आपण उठेपर्यंत ते जिन्यापाशी पोचलेलं असतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरची विक्रीच बंद केली. अशा वस्तू दुसऱ्या बाळाच्या घरी पास करू नका प्लीज.

बोलायचं कुणी? ज्याचं नातं त्याने. आत्याशी नवरा बोलला, माझ्या आईशी मी बोलते. सुनेने सांगितलं की टीका वाटते, मुलाने सांगितलं की काळजी वाटते, हे बरोबर नाही पण आहे असं. फॅमिली ग्रुपवर नाही, एकट्याला फोन करून, एकदोन दिवसांत. खोटं बोलू नका, "हरवलं" म्हणालात तर पुढच्या वेळी तसंच दुसरं येतं. नवरा एवढंच म्हणाला, "ताई, ससा तिला भयंकर आवडला, पण सेलचं झाकण नखाने उघडतंय आणि ती सगळं तोंडात घालते, म्हणून सेल काढून ठेवलेत, गाण्याशिवाय खेळतेय." वस्तूत काय गडबड आहे ते बोला, आणणाऱ्याने काय चूक केली ते नाही.

"आम्ही पण मुलं वाढवली, काही झालं नाही" हे येणारच. तेव्हा "तुम्ही नीट लक्ष ठेवलंत म्हणूनच, पण असे सेल तेव्हा घरोघरी नव्हते" असं म्हणून बघा, ते खरंही आहे. तरी पटलं नाही तर डॉक्टरांच्या पुढच्या व्हिजिटला आजीला सोबत न्या आणि तिलाच विचारू द्या. एवढं करून कुणी रुसलं तर रुसू द्या, वस्तू मात्र बाळाला देऊ नका.

आणि शक्य असेल तर आधीच सांगून ठेवा, "काय आणू" असं विचारतात तेव्हा "काही नको" म्हणू नका, कारण मग मनाला येईल ते आणतात. जाड पानांची पुस्तकं, मोठे ठोकळे, पुढच्या मापाचे कपडे असं नेमकं सांगा. आत्याने यावेळी दुकानातूनच व्हिडिओ कॉल केला, खेळणं उलटं धरलं आणि विचारलं, "हे बघ, स्क्रू आहे, घेऊ ना?"