आजोबांचं रिव्हॉल्व्हर पावसाळ्यात होल्स्टरमध्ये ठेवू नका

साताऱ्यात, त्यातही कास-बामणोलीच्या बाजूला, पावसाळ्यात खुंटीवरचा चामडी पट्टासुद्धा बुरसतो. म्हणून जुनं, परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या चामडी म्यानात, घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, शिवाय ते कमावताना वापरलेल्या द्रव्यांनीही पोलाद गंजतं. वरून काही दिसत नाही, हाच खरा धोका. आधी सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) उघडून गोळीचं प्रत्येक घर रिकामं असल्याची खात्री करा. मग गन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवा, तेलकट कापडात गुंडाळा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपात ठेवा.

शिशाच्या गोळ्या झाडलेल्या नळीत शिशाचा थर बसतो. तो काढताना खिडक्या उघड्या हव्यात, हातात मोजे हवेत आणि मुलं जवळ नकोत. शिसं त्यांच्या मेंदूला कायमची इजा करतं. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

घरी गोळ्या ओतायच्या फंदात मात्र अजिबात पडू नका. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. परवानाधारक वारले असतील, तर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. साफसफाईचं नंतर बघता येईल.