बदामाचा इसेन्स वापरताना

तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आता घरून नानकटाईच्या ऑर्डरी घेते. बदामाच्या इसेन्सबद्दल मैत्रिणी हमखास विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

बाटली लहानच घ्या. हा वास बेन्झाल्डिहाइड या रसायनाचा, आणि हवा लागली की त्याचं हळूहळू बेन्झोइक आम्ल होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीच्या बुचाभोवती पांढरे खडे धरलेले असायचे, ते हेच आम्ल. इसेन्स पातळ केलेला असतो, त्यात खडे दिसतीलच असं नाही, पण वास मंदावतो. झाकण घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा, गॅसजवळ नको.

नानकटाईसाठी तूप आणि पिठीसाखर फेसतानाच घाला. बेन्झाल्डिहाइड पाण्यात जेमतेम विरघळतं, तुपात छान मिसळतं. अर्धा किलो मैद्याला मी पाव चमचा घेते, त्याहून जास्त झालं की औषधासारखं लागतं. बासुंदीत मात्र गॅस बंद करून, ती कोमट झाल्यावरच घाला. बेन्झाल्डिहाइडचा उत्कलनबिंदू १७८ अंशांच्या आसपास, मग उकळत्या दुधातून वास कसा उडेल, असं वर्गात मुलं विचारायची. तो पाण्याच्या वाफेबरोबर निघून जातो.

एवढ्याशा इसेन्सची पोटाला भीती नाही. शरीर त्याचं बेन्झोइक आम्ल करतं, ते ग्लायसीन या अमिनो आम्लाशी जोडलं जाऊन हिप्युरिक आम्ल बनतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. शुद्ध बेन्झाल्डिहाइड मात्र त्वचेची, डोळ्यांची आग करतं. इसेन्सची बाटलीही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. ‘नैसर्गिक हवा’ म्हणून कडू बदाम किंवा जर्दाळूच्या कडू बिया कुटून घरी इसेन्स करू नका. आपल्या रोजच्या गोड बदामाला हा वास जवळजवळ नसतोच. कडू बीमध्ये अमिग्डालिन नावाचं संयुग असतं. बी चावली, कुटली, ओली झाली की तिच्यातलंच एन्झाइम ते फोडतं आणि ग्लुकोज, बेन्झाल्डिहाइड यांच्याबरोबर हायड्रोजन सायनाइड हे विष सुटतं. त्यामुळे पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही. लहान मुलाला थोड्याच बियाही घातक ठरू शकतात. गेल्या दिवाळीत नातू बत्त्याने जर्दाळूच्या बिया फोडत बसला होता. एक दाताखाली घेतली आणि ‘आजी, कडू!’ म्हणाला. लगेच थुंकायला लावलं, चूळ भरायला दिली आणि वाटीतल्या उरलेल्या सगळ्या बिया टाकून दिल्या.