घरच्या लिनक्स सर्व्हरवरचे पासवर्ड लॉगिन बंद करताना

जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवून त्याचा सर्व्हर केला आणि बाहेरून पोचता यावे म्हणून राउटरमधून एसएसएचचे, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या व्यवस्थेचे, २२ क्रमांकाचे पोर्ट त्याच्याकडे वळवले, की ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी लॉगिन करू पाहणाऱ्या अनोळखी पत्त्यांच्या नोंदी लवकरच जर्नलमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) दिसू लागतात. पोर्टचा क्रमांक बदलल्याने या नोंदी कमी होतात, पण पासवर्ड कच्चा असेल तर तो कच्चाच राहतो. खरा उपाय म्हणजे एसएसएचला किल्लीखेरीज दुसरे काहीही चालू न देणे.

किल्ली म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी दोन फाइलींची जोडी: खाजगी भाग आपल्याकडे राहतो, सार्वजनिक भाग सर्व्हरवर जातो. ती आपल्या रोजच्या संगणकावर तयार करावी, सर्व्हरवर नव्हे. ‘एसएसएच-कीजेन’ चालवून ईडी२५५१९ हा प्रकार निवडावा. ओपनएसएसएचमध्ये तो २०१४ पासून आहे. पासफ्रेज (किल्लीलाच लावायचा पासवर्ड) विचारली जाते तेव्हा नुसते एंटर दाबून पुढे जाऊ नये, कारण संगणक चोरीला गेल्यास तेवढाच अडसर उरतो. मग ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने किल्लीचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर पाठवावा आणि नव्या टर्मिनलमधून आत जाऊन पाहावे. किल्ली बरोबर असूनही पासवर्ड मागितला जात असेल, तर आधी परवानग्या तपासाव्यात: सर्व्हरवरील ‘डॉट एसएसएच’ फोल्डरला ७०० (फक्त मालकाला प्रवेश), किल्ल्यांच्या यादीच्या फाइलला ६०० (फक्त मालकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा), आणि होम फोल्डरमध्ये इतर कोणालाही लिहिण्याची मुभा नसावी.

किल्लीने प्रवेश मिळाल्याची खात्री झाल्यावरच पासवर्डला हात लावावा, आणि तोवर उघडे असलेले एक सत्र शेवटपर्यंत बंद करू नये, म्हणजे काही चुकले तरी सर्व्हरला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडण्याची वेळ येत नाही. आता ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन’ आणि ‘केबीडी-इंटरअ‍ॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन’ या दोन्ही सेटिंगांपुढे ‘नो’ लिहायचे आहे. येथे अनेकांची फसगत होते. एसएसएचचा सर्व्हर प्रोग्रॅम (‘एसएसएचडी’) एखाद्या सेटिंगची जी किंमत प्रथम वाचतो तीच धरतो, आणि डेबियन व उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत त्याच्या सेटिंगांच्या मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच ‘एसएसएचडी-कॉन्फिग-डॉट-डी’ फोल्डरमधील फाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात. भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर तेथे ५० क्रमांकाने सुरू होणारी क्लाउड-इनिटची (नव्या क्लाउड सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल असू शकते. तिच्यात ‘येस’ असेल तर मुख्य फाइलमधला ‘नो’ निरुपयोगी ठरतो. म्हणून आपल्या दोन ओळी त्याच फोल्डरात, १० ने सुरू होणाऱ्या आणि ‘डॉट कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलमध्ये लिहाव्यात.

‘सुडो’सह (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) ‘एसएसएचडी’ला लहान टीचा पर्याय दिला की लिहिण्यातली चूक कळते आणि मोठ्या टीचा दिला की प्रत्यक्ष लागू होणारी किंमत दिसते, माझ्या मते दुसरी तपासणी अधिक मोलाची आहे. सेवा रीलोड केल्यावर किल्ली मुद्दाम न वापरता लॉगिन करून पाहावे: पासवर्ड न विचारताच ‘परमिशन डिनाइड’ आले, की उघडे ठेवलेले सत्र बंद करण्यास हरकत नाही.